नऊ कथांचा क्रम: वाचलेल्या पुस्तकांच्या आणि ऐकलेल्या आल्बमच्या नोंदी

२ जून

हस्तलिखित परत आलं. शेवटच्या पानावर संपादकबाईंनी पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय: 'कथा झाल्या. आता क्रम लावा.' क्रम तर मी लावूनच दिला होता. नऊ कथा, ज्या ओळीनं लिहून झाल्या त्याच ओळीनं. फोन केला तर म्हणाल्या, "ही तुमची फाइल झाली. पुस्तक कुठे झालं?"

दुपारभर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं पटलं. लेखकानं कोणती कथा कधी लिहिली याच्याशी वाचकाला काय देणं-घेणं? त्याच्या हातात पहिलं पान येतं आणि तिथून तो चालायला लागतो.

तर हा प्रकल्प. जुलैच्या मध्यापर्यंत अशी पुस्तकं वाचायची आणि असे आल्बम ऐकायचे की ज्यांत क्रमालाच काही सांगायचं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता, करणाऱ्यानं लावलेल्या ओळीनं. मत त्याच दिवशी लिहायचं, दुसऱ्या दिवशी बदललं तर तेही लिहायचं.

५ जून

पुस्तकांबरोबर आल्बम कशाला, असं ताईनं विचारलं. माझं उत्तर तयार होतं, कारण त्याचा मलाच फार आनंद झाला होता. आल्बम हा शब्द आपण फोटोंच्या वहीसाठी वापरतो ना, गाण्यांचा आल्बमही तिथूनच आलाय. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-चार मिनिटांचं संगीत मावायचं. मोठी रचना असली की चार-पाच तबकड्या लागायच्या, आणि त्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, पानांसारख्या पाकिटांत घालून विकायच्या. म्हणजे ती दिसायलाही वहीच होती. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली, एका बाजूवर वीसेक मिनिटं बसायला लागली, आणि वही गेली तरी नाव राहिलं.

या वीस मिनिटांचं मला महत्त्व वाटतं. बाजू संपली की माणसाला उठावं लागायचं, तबकडी उलटावी लागायची. त्यामुळे आल्बम करणाऱ्याला दोन सुरुवाती आणि दोन शेवट मिळायचे. पुस्तकात अशी उठायची जागा कुठे असते?

८ जून

सकाळी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावला. १९६७ चा आल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी कल्पना आहे. निर्मिती जी. एन. जोशींची. मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या काळात ज्यांचा आवाज घरोघर पोचला तेच हे जोशी, हे कळल्यावर मला कुणी जवळचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण आज फसगत झाली. फोनवरच्या ॲपमध्ये उलटसुलट वाजवायचं बटण आधीपासून चालू होतं, ते मी पाहिलंच नाही. सकाळी सात वाजता थेट पहाडी सुरू झाला. सुंदरच वाजतो तो, त्यामुळे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग भूप आला. मग मध्येच अहिर भैरव, आणि तिथे मी थबकले. संध्याकाळ होऊन गेल्यावर कुणी पहाटेचं दार उघडावं तसं झालं.

बटण बंद करून पुन्हा पहिल्यापासून. अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, मग झपतालातला भूप, मग देस, आणि शेवटी पहाडी. उणीपुरी चाळीस मिनिटं. रागांच्या वेळा आपल्या कानात मुरलेल्या असतात, आपण त्या शिकलेलो असू किंवा नसू. या पाच तुकड्यांना दुसरा क्रम लावताच येणार नाही, कारण तो सूर्यानं लावलेला आहे. अहिर भैरवात संतूरचे सुटे सूर येतात, दोन सुरांमध्ये पुरेशी जागा सोडून. पहाडीपर्यंत पोचेस्तोवर तिघेही एकमेकांच्या इतके जवळ आलेले असतात की कोण कुठे थांबला ते शोधावं लागतं. पहाडी आधी ऐकताना हे मला कळलंच नव्हतं. तेव्हा ती नुसती गोड धून होती.

ॲडेल या गायिकेनं २०२१ मध्ये आपल्या नव्या आल्बमच्या वेळी हाच आग्रह धरला होता, की आल्बम लावल्यावर तो आपोआप पिसला जाऊ नये. तेव्हा मला तो कलावंताचा हट्ट वाटला होता. आज वाटत नाही.

११ जून

काही वाचलं नाही. नऊ कथांची नावं नऊ चिठ्ठ्यांवर लिहिली आणि टेबलावर मांडली, एवढंच काम.

१४ जून

अरुण कोलटकरांची 'जेजुरी', १९७६ ची इंग्रजी. एकतीस कविता. पूर्वी मी हे पुस्तक मधूनमधून उघडून वाचलेलं, 'यशवंतराव' पन्नास वेळा आणि काही कविता एकदाही नाही. आज एका बैठकीत पहिल्यापासून वाचलं.

सुरुवात एसटीच्या बसमध्ये होते. ताडपत्रीचे पडदे गच्च बांधलेले, बाहेर अंधार, समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात स्वतःचाच चेहरा दोन तुकड्यांत. शेवट रेल्वे स्टेशनवर होतो: गाडीचा पत्ता नाही, आणि दूर जिथे दोन रूळ मिळाल्यासारखे दिसतात तिथे चाकाएवढा सूर्य टेकलेला. म्हणजे हाही एक दिवसच. सहा दिवसांपूर्वी मेंढपाळाचा दिवस ऐकला, आज या प्रवाशाचा वाचला. मेंढपाळाचा दिवस पूर्ण होतो, प्रवाशाच्या दिवसात गाडी न येता सूर्य मावळतो, आणि मला दोन्ही शेवट तितकेच खरे वाटतात.

एका बैठकीत वाचल्याचा फायदा सांगते. मधल्या कवितांत देवळं, दगड, पुजारी, दार, फुलपाखरू असं एकेक सुटं येत राहतं. बोलणाऱ्याला श्रद्धा आहे की नाही, हे तो कुठेही सांगत नाही. मग शेवटाकडे, गाव आणि स्टेशन यांच्यामधल्या शेतात, ज्वारीत उड्या मारणारे कोंबडे-कोंबड्या येतात, आणि तिथे छापलेल्या ओळीच पानभर वरखाली उडायला लागतात. ते पान पूर्वी मला छपाईची गंमत वाटायचं. आज तिथे पोचेपर्यंत इतकी देवळं पाहून झाली होती, की त्या कोंबड्यांपाशी माझाही पाय थांबला. दिवसभरात प्रथमच कुणी तरी कुणाकडून काही न मागता नुसतं नाचत होतं. ही कविता पाचव्या पानावर असती तर मला त्यातलं काहीच दिसलं नसतं.

टेबलावरच्या चिठ्ठ्यांत 'रजेचा अर्ज' नावाची माझी दोन पानी कथा आहे. हलकीफुलकी. ती संग्रहातून काढायची असं ठरलं होतं. आज चिठ्ठी परत टेबलावर ठेवली.

१९ जून

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. चार दिवसांत सहा वेळा ऐकला. जॅझ मला कळतं असा दावा नाही, पण या आल्बमला तशी अट नाही, तो स्वतःहून दार उघडून आत घेतो.

१९५९ चा आल्बम. पाच तुकडे, दोन दिवसांत वाजवलेले: २ मार्च आणि २२ एप्रिल. मला ज्यानं खिळवून ठेवलं ते असं, की वाजवण्याचा क्रम आणि आल्बमचा क्रम वेगवेगळा आहे. पहिल्या दिवशी त्यांनी सर्वांत आधी 'फ्रेडी फ्रीलोडर' वाजवला. आल्बमवर तो दुसरा आहे. दुसऱ्या दिवशी आधी 'फ्लॅमेंको स्केचेस', मग 'ऑल ब्लूज'. आल्बमवर उलट: 'ऑल ब्लूज' आधी आणि 'फ्लॅमेंको स्केचेस' अगदी शेवटी.

आता हे फिरवून पाहा. 'फ्रेडी फ्रीलोडर'वर पियानो विंटन केलीचा आहे, बाकी चारही तुकड्यांत बिल इव्हान्सचा. केलीचा पियानो नाचरा, रस्त्यावरून शीळ घालत जाणारा. तो पहिला आला असता तर आपण वेगळ्याच घरात शिरलो असतो. त्याऐवजी आधी 'सो व्हॉट' आहे. त्याच्या सुरुवातीला पियानो आणि बास चाचपडत बोलतात, ठेका धरलेला नसतो, दोघं अंधारात दिव्याचं बटण शोधताहेत असं वाटतं. मग पॉल चेंबर्सच्या बासवर एक वाक्य येतं. त्याला दोन सुरांचं उत्तर मिळतं, आधी पियानोकडून, मग फुंकवाद्यांकडून. पुन्हा वाक्य, पुन्हा तेच दोन सूर. आणि ट्रम्पेट एकटा पुढे येतो त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो. तो टोला जरा जास्तच मोठा आहे. मला तो फार आवडतो. त्याची घुमणी विरेपर्यंत डेव्हिस निवांत दोन-चार सूर टाकतो, घाई नाही, आणि आल्बम सुरू झालेला असतो.

शेवटच्या 'फ्लॅमेंको स्केचेस'मध्ये नेहमीसारखी धूनच नाही. पाच स्वरमालिका ठरवलेल्या, आणि प्रत्येक वादकानं प्रत्येकीत हवं तितका वेळ राहायचं, मग पुढच्या मालिकेत जायचं. आपल्याकडे रागाची बढत ऐकणाऱ्याला ही कल्पना अजिबात परकी वाटू नये. ट्रम्पेट सुरुवात करतो आणि शेवटीही तोच परत येतो, अगदी हळू. त्यानंतर काही वाजूच शकत नाही. 'ऑल ब्लूज' शेवटी असतं तर आल्बम मस्त संपला असता, लोकांनी मान डोलावली असती. आता आल्बम संपला तरी खोलीत शांतता टिकून राहते. सहाव्यांदा ऐकून झाल्यावर मी पाच मिनिटं तशीच बसून होते.

वाजवताना जे आधी सुचलं ते ऐकणाऱ्याला आधी देऊ नये, हे मी चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या कडेला चिकटवलंय.

२१ जून

ताईला हस्तलिखित वाचायला दिलं होतं. तिनं शेवटची कथा आधी वाचली, मग चौथी, मग पहिली अर्धी.

"असं का?"

"शेवटची लहान होती म्हणून. मग चौथीचं नाव आवडलं."

मी काहीशी चिडलेच. रात्री विचार केला, की आपणही संग्रह असेच तर वाचतो. लहान कथा आधी, ओळखीचं नाव आधी. म्हणजे क्रम लावायचा तो न पाळणाऱ्यासाठीही. प्रत्येक कथा दारातली वाटली पाहिजे, आणि तरीही ओळीनं येणाऱ्याला काही जास्त मिळालं पाहिजे. 'जेजुरी'त नेमकं हेच आहे. 'यशवंतराव' मी पन्नास वेळा सुटी वाचली तेव्हा कधी काही कमी पडलं नव्हतं.

२६ जून

हुलिओ कोर्तासारची 'हॉपस्कॉच', १९६३ ची कादंबरी, इंग्रजी अनुवादातून. नावाचा अर्थ आपली ठिकरी. दीडशेच्या वर प्रकरणं आहेत, १५५. लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो: एक तर पहिली ५६ सरळ वाचा आणि तिथे थांबा, बाकीची सोडली तरी चालतील. नाही तर ७३ व्या प्रकरणापासून सुरू करा आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जो आकडा दिलाय तिथे उडी मारा.

सरळ वाट आधी घेतली. पॅरिसमधला ओलिव्हेरा, त्याची प्रेयसी ला मागा, त्यांच्या न संपणाऱ्या रात्रीच्या चर्चा, तबकड्यांवरचं जॅझ. पहिला भाग मला मनापासून आवडला. ला मागाच्या बाळाची ती रात्र तर वाचवत नाही: खोलीत सगळे बोलत असतात, आणि काय झालंय ते एकेकाला कळत जातं, तिला सोडून. हळू आवाजात, कानोकानी. इतकं भयंकर प्रकरण इतक्या संयमानं लिहिलेलं मी फार वाचलेलं नाही.

मग उड्यांची वाट. मनाशी ठरवलं होतं म्हणून पूर्ण केली. माझं मत: या वाटेवर कादंबरीची बुद्धी जास्त दिसते आणि माणसं कमी. उतारे, वर्तमानपत्रातली कात्रणं, साहित्यावरची टिपणं मधेमधे येत राहतात. काही ठिकाणी त्यांच्यामुळे आधीचा प्रसंग उजळतो, हे मान्य. पण बऱ्याच वेळा मला वाटलं की ओलिव्हेराचा हात माझ्या हातातून कुणी तरी सोडवतंय. आणखी एक: या वाटेत ५५ वं प्रकरण येतच नाही, आणि शेवटी ५८ वरून १३१, १३१ वरून ५८ असं फिरत राहायचं. संपायचंच नाही. कल्पना म्हणून ती फार धाडसी आहे. वाचक म्हणून मला सरळ वाटच परत घ्यावीशी वाटते, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

१ जुलै

बी. एस. जॉन्सनचं 'द अनफॉर्च्युनेट्स', १९६९. हे पुस्तक बांधलेलंच नाही. एका पेटीत २७ सुटे भाग. त्यांतल्या दोघांवर 'पहिला' आणि 'शेवटचा' असं लिहिलंय, मधले पंचवीस कुठल्याही ओळीनं वाचायचे.

एक खेळवार्ताहर फुटबॉलचा सामना बघून बातमी द्यायला एका शहरात जातो. उतरल्यावर लक्षात येतं, की आपल्या मित्राची ओळख झाली ते हेच शहर. तो मित्र, टोनी, कॅन्सरनं तरुणपणीच गेलेला. मग दिवसभर सामना आणि टोनी, टोनी आणि सामना.

पेटी आणि सुटी पानं बघून मला वाटलं होतं की कोर्तासारसारखंच काही असेल. नाही. इथे ओळ मोडण्याचं कारण पानापानावर दिसतं. गेलेल्या माणसाची आठवण कधी ओळीनं येते का? आधी त्याचं हसणं आठवतं, मग दवाखान्यातला हात, मग दहा वर्षांपूर्वीचं एखादं भांडण, मग पुन्हा हसणं. मी पत्त्यांसारखे भाग पिसले आणि वाचत गेले. माझ्या वाट्याला टोनी बराच लवकर वारला. नंतरच्या भागात तो जिवंत आला, बडबडत, माझ्याशी वाद घालत असल्यासारखा, आणि मला पुस्तक खाली ठेवावं लागलं.

बाबा गेले त्या वर्षी मला असंच होत होतं. सकाळी त्यांचा चष्मा दिसायचा आणि दिवसभर ते घरातच आहेत असं वाटायचं. ते मला लिहिता आलेलं नाही. 'कॅलेंडर' ही माझी सर्वांत लांब कथा त्याबद्दलच आहे, आणि तिच्यात मी सगळं तारखेनं लावून ठेवलंय. आज प्रथमच वाटलं, की त्या तारखा मी स्वतःला सावरायला घातल्या होत्या.

५ जुलै

निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. अकरा गाणी, अठ्ठावीस मिनिटं. गिटार आणि आवाज, आणि पहिल्या गाण्यात थोडासा पियानो. बस. दोन रात्रींत ध्वनिमुद्रित केलेला. तो पियानो इतका कमी वाजतो की पुढची दहा गाणी मी त्याची वाट बघत राहिले. तो येत नाही. त्यानं त्या दहा गाण्यांना एक रितेपण येतं, ते मला हवंहवंसं वाटलं. जास्त लिहिणार नाही. झोपण्याआधी पुन्हा ऐकायचा आहे.

९ जुलै

संगीतकार बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', पियानोवर ग्लेन गूल्डनं वाजवलेले. दोन्ही: १९५५ चं ध्वनिमुद्रण आणि १९८१ चं. या नोंदीला वेळ लागणार आहे.

रचना आधी. १७४१ मध्ये छापलेली. सुरुवातीला बत्तीस मापांची एक शांत धून, तिला आरिया म्हणतात. मग तीस रूपं. मग तीच आरिया पुन्हा, एक सूरही न बदलता. सगळे मिळून बत्तीस भाग, म्हणजे आरियाच्या मापांइतकेच. तीसही रूपं आरियाच्या वरच्या धुनेवर उभी नाहीत, तिच्या खालच्या खर्जाच्या ओळीवर उभी आहेत. त्यामुळे आरिया परत येते तेव्हा आपला कान वर कमी आणि खाली जास्त असतो. तेच सूर, पण आपण तासाभरापूर्वीचे नसतो.

तिसावं सोडलं तर दर तिसरं रूप म्हणजे कॅनन, एक आवाज दुसऱ्याचा पाठलाग करतो, आणि प्रत्येक वेळी दोघांमधलं अंतर एका सुरानं वाढतं. हे मोजत बसायची गरज नाही, मी दुसऱ्यांदा ऐकताना मोजलं. पहिल्यांदा फक्त पंधराव्यापाशी थांबले. ते मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या स्वरमालिकेत आहे, उदास, आणि शेवटी उजवा हात एकटाच वर चढत जातो आणि तिथेच राहतो. वाटतं, संपलं. आणि सोळावं रूप दणक्यात उघडतं, नाटकाचा पडदा वर जाताना वाजतं तसं सुरुवातीचं संगीत. बरोबर मध्यावर बाखनं पुन्हा सुरुवात केली! लाँग प्लेइंग तबकडी यायच्या दोनशे वर्षं आधी त्यानं दुसरी बाजू लावली.

आणि पंचविसावं. सगळ्यांत काळोखं, गूल्ड दोन्ही वेळा त्याला सहा मिनिटांच्या वर देतो, आसपासची रूपं एक-दोन मिनिटांत उरकत असताना. त्याच्या पाठोपाठ सव्विसावं असं धावतं की हात एकमेकांवरून उड्या मारतात. सांत्वन करत बसत नाही, दार उघडून उजेडात ढकलतं. 'कॅलेंडर'नंतर काय ठेवायचं हा माझा प्रश्न इथे सुटला. 'रजेचा अर्ज'. दोन पानं.

आता गूल्ड. १९५५ मध्ये तो २२ वर्षांचा होता. अडतीस मिनिटांत सगळं वाजवून मोकळा, अंगात आल्यासारखा. १९८१ मध्ये तो ४८ चा, आणि तीच रचना एकावन्न मिनिटं. काही पुनरावृत्ती त्यानं या वेळी घेतल्या, पण खरा फरक आरियातच दिसतो. इतकी सावकाश, की एक सूर संपून पुढचा येईल की नाही याची काळजी वाटते. मागे त्याचं गुणगुणणंही ऐकू येतं. पुढच्याच वर्षी, १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये, तो गेला. हे माहीत असल्यामुळे मी जास्त हळवी होऊन ऐकतेय का, असं स्वतःला विचारलं. असेन. तरीही मला म्हातारपणाची वाट न पाहता म्हातारं झालेलं हे दुसरं वादनच जास्त प्रिय आहे. तरुण गूल्ड ऐकताना मी त्याच्याकडे बघत राहते, दुसऱ्या वेळी बाखकडे.

दोन्ही ध्वनिमुद्रणं न्यूयॉर्कच्या एकाच स्टुडिओत झाली, पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत. 'काइंड ऑफ ब्लू'ही त्याच खोलीतला. हे कळल्यावर मी झांजेचा तो टोला पुन्हा लावून ऐकला.

आणि जे मला या साऱ्या प्रकल्पात सर्वांत उपयोगी पडणार आहे ते. १९५५ मध्ये गूल्डनं आधी सगळी रूपं वाजवून घेतली आणि सुरुवातीची आरिया शेवटी वाजवली. तिच्यासाठी त्याला वीस टेक लागले. त्यानंच लिहून ठेवलंय, की पुढे जे खोल जायचं आहे त्याचा आधीच अंदाज देणार नाही इतकी ती तटस्थ हवी होती. वीस वेळा, भाव कमी करण्यासाठी!

माझ्या पहिल्या कथेचा पहिला परिच्छेद मी आज पुन्हा वाचला. पाच ओळींत सगळं सांगून टाकलंय.

१० जुलै

कालच्या नोंदीत भर. आज ऐकताना तिसावं रूप संपायच्या आतच आरिया सुरू झाली. ॲपमध्ये एक गाणं दुसऱ्यात विरघळवण्याची सोय आहे, तिचा प्रताप. त्या दोघांमध्ये बाखला हवी असलेली एक श्वासाची जागा आहे. बंद केलं ते.

१२ जुलै

इटालो कॅल्व्हिनोचं 'इनव्हिजिबल सिटीज', १९७२. मार्को पोलो कुब्लाई खानाला शहरांची वर्णनं सांगतो. पंचावन्न शहरं, अकरा गट, प्रत्येक गटात पाच. गट सलग येत नाहीत: एक संपत आलेला असतो तेव्हा दुसरा भरात असतो आणि नवा नुकताच सुरू झालेला असतो. पोळीच्या घडीसारखं एकात एक. पाच, चार, तीन, दोन, एक असे आकडे प्रत्येक मधल्या प्रकरणात उतरत जातात.

आराखडा इतका काटेकोर आहे हे मला पुस्तक संपवल्यावर कळलं. वाचताना कळला नव्हता, आणि ही मी दिलेली सर्वांत मोठी दाद समजावी. वाचताना होती ती ऑक्टेव्हिया: दोन डोंगरांच्या मध्ये, दरीवर टांगलेल्या जाळ्यातलं शहर. सगळं खाली लोंबतं, घरं, झुले, दिवे. तिथल्या लोकांना माहीत आहे की जाळं एवढंच टिकणार, म्हणून त्यांचं आयुष्य इतर शहरांपेक्षा कमी अनिश्चित. हे पान वाचून मी खिडकीत जाऊन उभी राहिले.

माझ्याकडच्या नऊ कथांत तीन घराबद्दल आहेत, दोन पत्रांबद्दल. मी त्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या, नीटनेटकं दिसावं म्हणून. आज वेगळ्या केल्या. पत्राची पहिली कथा घराच्या दुसरीच्या आधी.

१५ जुलै

बीटल्सचा 'ॲबी रोड', १९६९. दुसऱ्या बाजूचा तो गाण्यांना गाणी जोडलेला लांब भाग, 'दि एंड' या नावाचंच गाणं, मग काही सेकंद शांतता, आणि मग तेवीस सेकंदांचं 'हर मॅजेस्टी'. ते मुळात मधे होतं, दोन गाण्यांच्या. बीटल्समधल्या मॅकार्टनीनं काढून टाकायला सांगितलं. ध्वनितंत्रज्ञानं फेकून न देता टेपच्या शेवटी जोडून ठेवलं, आणि सगळ्यांना ते तिथेच आवडलं. म्हणून त्याच्या सुरुवातीला आधीच्या गाण्याचा शेवटचा दणका चिकटलेला आहे, आणि त्याचा स्वतःचा शेवटचा सूर नाहीच, तो पुढच्या गाण्यात राहिला.

मोह झाला. 'रजेचा अर्ज' असाच शेवटी टाकावा, कोऱ्या पानानंतर. दोन तास तशी मांडणी ठेवली आणि मग काढली. त्यांच्याकडे ते आपोआप घडलं आणि त्यांनी ते ओळखलं. मी ते ठरवून केलं असतं, आणि वाचकाला ते लगेच कळलं असतं. 'रजेचा अर्ज' कॅलेंडरच्या मागेच बरी.

१८ जुलै

क्रम लागला. 'जिना' पहिली. शेवटची 'पत्ता बदलला आहे', कारण ती त्याच घराची कथा आहे, तीस वर्षांनंतरची. लिहिताना माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. 'दुसरी किल्ली', जी मला सर्वांत आधी सुचली आणि जिच्यावर माझा सर्वांत जास्त जीव, ती दुसरी. 'कॅलेंडर' पाचवी. तिच्यानंतर एक पूर्ण कोरं पान. मग 'रजेचा अर्ज'. 'कॅलेंडर'मधल्या तारखा काढल्या, एक ठेवली.

'जिना'चा पहिला परिच्छेद सकाळपासून अकरा वेळा लिहिला. पाच ओळींच्या तीन झाल्या. त्यांत आता फक्त एक बाई जिना चढते आणि मधल्या पायरीवर पिशवी खाली ठेवते. ती का थांबली हे तिथे लिहिलेलं नाही.

नवी प्रत काढून ताईला दिली. "या वेळी पहिल्यापासून वाच," एवढंच म्हणाले. "बरं बाई," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

दोन तास झाले. पानं उलटल्याचा आवाज येत होता, आत्ता थांबलाय. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी पिऊन खिडकीपाशी उभी आहे. प्रत पलंगावर उघडीच आहे, कोऱ्या पानावर.